सतरा अंकांची एक संख्या

सुरत शहराला मोठ्या संख्यांचे अप्रूप कधीच नव्हते. सतराव्या शतकात या बंदरातील सावकार वीरजी व्होरा यांची मत्ता ऐंशी लाखांच्या घरात असल्याचे युरोपीय नोंदींत आढळते. जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७० मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी या शहरावर ज्या मोहिमा केल्या, त्यांच्या मुळाशी येथील संपत्तीची हीच कीर्ती होती. पुढे बंदर ओसरले, पण हिशोब ओसरला नाही. कापडाच्या पेठेत लाख-कोटींची उलाढाल होते, आणि हिऱ्यांच्या कारखान्यांत त्याच्या अगदी उलट, दोनशे मिलिग्रॅमच्या एका कॅरटचेही शंभर भाग करून मोजले जातात.

मात्र व्यापारातील संख्या कितीही मोठी असली, तरी ती कशाची तरी संख्या असते. ती रुपयांची असते, वारांची असते, नगांची असते. व्यवहार संपला की तिच्याकडे पुन्हा पाहण्याचे कारण उरत नाही. गणिताचा अभ्यासक संख्येकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. हिरे घासणारा कारागीर जसा दगड बोटांत फिरवून त्याची अंगे न्याहाळतो, तसा तो संख्या फिरवून पाहतो. तिला कशाने भाग जातो, ती कोणत्या गुणाकारातून निघाली, तिच्या अंकांची बेरीज काय, ती उलटी लिहिली तर काय होते, असे प्रश्न तो विचारतो. प्रस्तुत लेखात अशाच एका संख्येचा परिचय करून द्यावयाचा आहे. ती संख्या अशी :

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नऊपर्यंत चढत जाणारी आणि नऊपासून एकापर्यंत उतरत येणारी ही सतरा अंकांची संख्या डावीकडून वाचा अथवा उजवीकडून, सारखीच. तिचा आकार ध्यानात यावा म्हणून एवढेच सांगणे पुरे की, एका सेकंदास एक या वेगाने कोणी अहोरात्र मोजू लागला, तर येथवर पोहोचण्यास सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील.

एवढी संख्या वाचावी कशी, हा पहिला प्रश्न. आपली रोजची लाख-कोटींची शब्दसंपत्ती येथे अपुरी पडते. परंतु भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिलेली आहेत. त्या नावांनी ही संख्या वाचली, तर ती अशी होते : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक. अठरापैकी सतरा घरे भरली. एक परार्धाचे घर तेवढे मोकळे राहिले. सर्वांत मोठा अंक नऊ हा अर्बुदाच्या, म्हणजे आजच्या दहा कोटींच्या, घरात बसला आहे.

ही नावे खानदेशाला परकी नाहीत. चाळीसगावाजवळ पाटणादेवीच्या परिसरात इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी तेथे मठ स्थापन केल्याचा उल्लेख त्या लेखात आहे. त्याच खानदेशातून तापीच्या खोऱ्यातील रेल्वेने असंख्य कुटुंबे रोजगारासाठी सुरतेत आली आणि उधना, लिंबायत या भागांत स्थिरावली. त्यांच्या मुलांसाठी सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीने मराठी माध्यमाच्या शाळाही चालविल्या. या मुलांच्या घरी लीलावतीची पोथी नसेल. पण हा वारसा त्यांचाही आहे, याची आठवण वर्गात कोणी तरी करून द्यावयास हवी.

आता ही संख्या आली कोठून ते पाहू. अकराला अकराने गुणले असता १२१ येतात, हे चौथीतील मूलही सांगेल. एकशे अकराला एकशे अकराने गुणून पाहावे. पाटीवर मांडणी अशी होते :

१११
१११०
१११००

या तीन ओळी एकंच्या घराखाली एकंचे घर येईल अशा रीतीने लिहून बेरीज केली की, १२३२१ हे उत्तर येते. एकंच्या घरात एकच १ पडतो, दहंच्या घरात दोन, शतंच्या घरात तीन, आणि पुढे पुन्हा दोन व एक. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली असल्यामुळे मधल्या घरात सर्व ओळींची गाठ पडते आणि कडेच्या घरांत एकेकीचीच. चार एकांच्या संख्येचा वर्ग १२३४३२१, पाच एकांचा १२३४५४३२१. असेच पुढे जात नऊ एकांच्या संख्येपाशी आलो, म्हणजे १११११११११ या संख्येला तिनेच गुणले, की उपरोक्त सतरा अंकी संख्या मिळते. आकडेमोड लांबलचक असली तरी ती करणे आवश्यकच नाही. नऊ ओळी सरकवून लिहिल्या की घराघरात किती १ पडतील हे डोळ्यांनीच दिसते.

येथे थोडे थांबावयास हवे, कारण खरा धडा येथेच आहे. बहुतेक पुस्तके हा चमत्कार नऊपर्यंत दाखवून पुढच्या चमत्काराकडे वळतात. विद्यार्थी मात्र विचारणारच की, दहा एक घेतले तर? तो प्रश्न विचारणारा विद्यार्थी वर्गात असेल तर शिक्षकाने स्वतःला भाग्यवान समजावे. दहा एकांच्या संख्येचा वर्ग आहे १२३४५६७९००९८७६५४३२१. जिना मोडला. मधोमध दोन शून्ये आली आणि चढत्या बाजूचा आठ नाहीसा झाला.

कारण साधे आहे. मधल्या घरात आता दहा १ पडले. घरात तर नऊपेक्षा मोठा अंक राहू शकत नाही. म्हणून तेथे शून्य लिहून हातचा एक डावीकडे द्यावा लागला. डावीकडे नऊ होते, त्यांत एक मिळून दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या डावीकडच्या आठाचे नऊ झाले आणि तेथे गडबड थांबली. म्हणजे नऊ एकांपर्यंतचे सौंदर्य हे हातचा न येण्याचे सौंदर्य होते.

हीच गोष्ट अंकांच्या बेरजेवरून फार छान पडताळता येते. नऊ ओळींत प्रत्येकी नऊ, असे एकूण ८१ एक आपण मांडले. हातचा कोठेच आला नसल्याने त्यांतील एकही हरवला नाही. म्हणून आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ च भरते. वाचकांनी ती करून पाहावी. दहा एकांच्या वेळी मांडलेले एक शंभर होते, पण उत्तराच्या अंकांची बेरीज ८२ येते. अठरा कोठे गेले? प्रत्येक हातच्याच्या वेळी दहा एकांच्या जागी डावीकडे एकच एक जातो, म्हणजे नऊ कमी होतात. हातचे दोन आले, नऊ दुणे अठरा कमी झाले. जुने मुनीम नऊ काढून हिशोब पडताळीत असत, त्या रीतीच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे.

ज्या गृहस्थांनी या संख्यांना नाव दिले आणि त्यांचा नेटाने अभ्यास केला, ते महाराष्ट्रातील एक शाळामास्तर होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. मुंबईहून सुरतेस जाणाऱ्या लोहमार्गावरचेच हे गाव. आठव्या वर्षी आई वारली. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषाच्या पोटी आकडेमोड येते. ती मुलाने उचलली, ज्योतिष मागे राहिले. ठाण्यास शालेय शिक्षण झाल्यावर ते १९२३ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ मध्ये गणितातील स्वतंत्र कामाबद्दल रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेतली, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळाली येथे शाळेत शिकविण्याचे काम केले. पदव्युत्तर शिक्षण त्यांना लाभले नाही. संशोधनासाठी कोणतीही संस्था पाठीशी नव्हती. आपल्या पुस्तिका ते देवळालीहून स्वतःच छापून प्रसिद्ध करीत.

१९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यांनी आपल्या या संख्यांविषयी लेख लिहिला. या कुळाला त्यांनी 'डेमलो संख्या' असे नाव दिले होते. तत्कालीन जी.आय.पी. रेल्वेवरील डोंबिवली स्थानकात ही कल्पना त्यांना सुचली आणि त्या स्थानकाच्या नावावरून हे नाव आले, असे सांगतात. गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला त्या काळी असे काही सुचे, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

डेमलो संख्येचे लक्षण असे की, तिच्या दोन टोकांची बेरीज केली असता मधला भाग ज्या अंकाचा बनलेला असतो तोच अंक पुनःपुन्हा मिळतो. १६५ ही डेमलो संख्या आहे, कारण एक आणि पाच मिळून सहा. २५५३ मध्ये दोन आणि तीन मिळून पाच, आणि मध्ये पाचच आहेत. आता आपल्या संख्येकडे पाहावे. मधला नऊ बाजूला ठेवला तर डावीकडे १२३४५६७८ आणि उजवीकडे ८७६५४३२१ असे दोन भाग उरतात. त्यांची बेरीज ९९९९९९९९. आठही घरांत नऊ! ओळीने एक लिहून केलेल्या वर्गांच्या या शाखेला कापरेकरांनी अद्भुत डेमलो संख्या म्हटले, आणि आपली सतरा अंकी संख्या ही या शाखेतील शेवटची अखंड जिन्याची संख्या होय.

कापरेकरांनी दिलेले आणखी एक नाव येथे लागू पडते, ते 'हर्षद' संख्येचे. जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी, संख्या. उदाहरणार्थ १८ : एक आणि आठ नऊ, आणि नवाने अठराला भाग जातो. मोठी संख्या हर्षद आहे की नाही हे पाहणे एरवी कटकटीचे असते. आपल्या संख्येच्या बाबतीत ते चुटकीसरशी ठरते. तिच्या अंकांची बेरीज ८१ आहे. ती ज्या संख्येचा वर्ग आहे त्या १११११११११ च्या अंकांची बेरीज नऊ, म्हणून त्या संख्येला नवाने भाग जातो आणि १२३४५६७९ येतात (येथेही आठ गायब आहे, याकडे मुलांचे लक्ष वेधावे). मूळ संख्येला नवाने भाग जातो, तर तिच्या वर्गाला नऊ नव्वे एक्याऐंशीने जाणारच. तेव्हा आपली संख्या हर्षद ठरली. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे.

सर्व अद्भुत डेमलो संख्या अशा सुदैवी नाहीत. १२१ च्या अंकांची बेरीज चार, आणि विषम संख्येला चाराने भाग जाणे शक्य नाही. एकापासून नऊ एकांपर्यंतच्या नऊ वर्गांत हर्षद आहेत त्या केवळ तीन : पहिली म्हणजे १, तिसरी १२३२१, आणि नववी. जिना मोडलेली दहावी तर बाद आहेच, कारण ८२ सम आणि ती स्वतः विषम.

या संख्येचे आणखी आतले रूप पाहावयाचे तर तिचे मूळ अवयव पाडावेत. १११११११११ म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि यांतील शेवटची संख्याही मूळ संख्याच आहे. तेव्हा आपल्या संख्येत तीन हा अवयव चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतो. यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही मूळ संख्येने तिला भाग जाणार नाही. अकराने भाग देऊन पाहावयाचे झाल्यास एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा कराव्यात. त्या ४१ आणि ४० येतात. वजाबाकी एक, म्हणून बाकीही एक.

या विषयाला एक प्रतिवाद आहे, आणि तो लहानसहान माणसाचा नाही. रामानुजन यांची योग्यता ओळखून त्यांना केंब्रिजला नेणारे प्रा. जी. एच. हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात अशा अंकांच्या गमतींना गणित म्हणून फारशी किंमत दिलेली नाही. त्यांनी घेतलेले उदाहरण ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचे आहे. चार अंकी संख्यांत उलट्या लिहिलेल्या आपल्याच संख्येच्या पूर्ण पट असणाऱ्या एवढ्या दोनच : ८७१२ ही २१७८ ची चौपट, ९८०१ ही १०८९ ची नऊपट. कोड्यांच्या सदराला हे ठीक, गणितज्ञाला यात गम्य नाही, असा त्यांचा अभिप्राय. योगायोगाने ९८०१ हा ९९ चा वर्ग आहे, आणि ९८ व ०१ मिळून पुन्हा ९९ होतात. अशा ९९ सारख्या संख्यांनाच आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून ४५. मोठे उदाहरण हवे असेल तर १४२८५७ घ्यावे : वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ व १२२४४९ यांची बेरीज पुन्हा १४२८५७.

हार्डींच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मान्य करावे लागेल. आपल्या संख्येचा जिना हा काही अंशी तिच्या लेखनाचा गुण आहे, तिचा स्वतःचा नव्हे. आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून तो नऊपाशी थांबतो. बाराच्या पटीत लिहिणारा कोणी समाज असता आणि त्याच्याकडे दहा व अकरा यांसाठी स्वतंत्र अंक असते, तर त्याचा जिना अकरा पायऱ्यांचा झाला असता. उलट तीन, सदतीस आणि तीन लक्ष तेहेतीस हजार सहाशे सदुसष्ट हे अवयव मात्र कोणत्याही लिपीत, कोणत्याही पद्धतीत तेच राहतात. कोणता गुण पोशाखाचा आणि कोणता देहाचा, हा विवेक अशा अभ्यासातूनच येतो. आणि हार्डींच्या अभिप्रायाने कापरेकरांचे काम निकालात निघत नाही ते याचसाठी. शाळेत शिकणाऱ्या मुलाला मूळ संख्यांचे गहन सिद्धांत हाती लागत नाहीत. हातचा का येतो, हे मात्र त्याला लागते. दुसरे असे की, आकड्यांच्या अशा जुळण्यांना शुभाशुभ मानणारे लोक आजही पुष्कळ आहेत. ज्याने नऊ ओळी सरकवून जिना का बनतो आणि का मोडतो हे स्वतः पाहिले, त्याला आकड्याच्या नावाने गंडविणे कठीण जाते.

कापरेकरांच्या वाट्याला मान आला तो उशिरा. अनेक प्रतिष्ठित गणितज्ञ त्यांच्या कामाला किरकोळ समजत. १९७५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाच्या आपल्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीचे नाव जगभरच्या वाचकांपुढे गेले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते आणि सेवानिवृत्त होऊन तेरा वर्षे उलटली होती. निवृत्तीनंतरही चरितार्थासाठी त्यांना खाजगी शिकवण्या कराव्या लागत. १९८६ साली देवळाली येथेच त्यांचे निधन झाले. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ या संख्येचा. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करावी, आणि आलेल्या उत्तरावर तीच क्रिया करीत राहावे. सातपेक्षा अधिक पायऱ्या न लागता ६१७४ येतेच. १९७८ घेतले तर ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. स्वतःच्या गावाचे नावही त्यांनी संख्यांना दिले आहे. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली की नवी संख्या तयार होते, जसे १५ पासून २१. जी संख्या अशी कोणापासूनच तयार होत नाही, उदाहरणार्थ २०, ती स्वयंभू किंवा देवळाली संख्या.

वर्गात हा पाठ घेऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. उत्तर फळ्यावर आधी लिहू नये. चौकटींच्या वहीत प्रत्येक मुलाने एकेक घर सरकवीत ओळी लिहाव्यात. घरे नीट न जुळल्यास जिना वाकडा होतो आणि स्थानिक किंमतीची चूक त्याची त्यालाच दिसते. नऊ ओळी झाल्या की दहावी लिहावयास सांगावी आणि गप्प बसावे. गणकयंत्राचा येथे फारसा उपयोग होत नाही. साध्या गणकयंत्राच्या पडद्यावर सतरा अंक मावत नाहीत, ही एक परीने सोयीचीच बाब आहे.

दहाव्या ओळीनंतर ज्यांचा उत्साह टिकून असेल त्यांच्यासाठी अकरा एकांचा वर्ग देत आहोत : १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. येथे मांडलेले एक १२१ आहेत आणि उत्तराच्या अंकांची बेरीज ८५ आहे. फरक छत्तीसचा, म्हणजे चार नवांचा. हे चार हातचे कोणकोणत्या घरांत आले, ते वहीत शोधावे.